रस्त्याकडची भिंत

विटांचा ट्रक दारात आला तेव्हा मी पिवळीधमक होते. डोळे पिवळे, नखं पिवळी, तळहातसुद्धा पिवळे. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, ते साफ खोटं आहे, सांगून ठेवते. मला जग ज्या त्या रंगाचंच दिसायचं, फक्त जरा लांब गेलेलं. कॉलेज बुडवून मी पुढच्या सोप्यात खाटेवर पडून असायची. पोटात ऊस आणि ताक, आणि डोळा कधी लागायचा, कधी उघडायचा, त्याचा पत्ता नसायचा. विटा उतरवल्याचा आवाजसुद्धा आधी मला झोपेतच ऐकू आला, आणि कुठल्या तरी नदीला पूर येऊन दगड गडगडतायत असंच वाटलं.

उठून बसले तर आप्पा फाटकात उभे. पांढरा सदरा, धोतर, हातात मोजायची टेप.

"आप्पा, विटा कशाला?"

"भिंतीला."

"कसली भिंत?"

"तू झोप उज्जू," आप्पा म्हणाले आणि ट्रकवाल्याकडं वळले.

आई खांबाला टेकून उभी होती. हातातलं सूप तिनं पोटाशी धरलं होतं. ती विटांकडं बघत नव्हती. ती रस्त्याच्या पलीकडं बघत होती.

आता पलीकडं कोण होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पलीकडं भोकऱ्यांचं घर होतं, आणि त्या घरात माझी थोरली बहीण कुमुद सून म्हणून नांदत होती. मुलगी पळून गेली की लोक विचारतात, कुठल्या गावाला गेली? आमची पळून गेली ती रस्ता ओलांडून. शशिकांत भोकरे घरातच रेडिओ दुरुस्त करायचा. आमचा रेडिओ सारखा का बिघडतो, हे आप्पांना कळलं तेव्हा दोघांनी नोंदणी कचेरीत सह्यासुद्धा केल्या होत्या. भोकरे आपल्यातले नव्हते. एवढंच असतं तर आप्पांनी काही वर्षांनी गिळलं असतं, पण रोज सकाळी दात घासताना पोटची पोर दुसऱ्याच्या अंगणात सडा घालताना दिसायची, ते त्यांना गिळवलं नाही.

"ह्या घरातलं कुणी तो रस्ता ओलांडून गेलं," ते जेवताना म्हणाले होते, "तर माझं मेलेलं तोंड बघाल."

झालं. आईसारख्या बाईला एवढं पुरे. ती त्या शपथेत अडकली आणि तिच्याबरोबर मीही. कुमुदनंही पाऊल इकडं टाकलं नाही. बापाचाच स्वभाव घेतलेला, ताठ.

पण बघू नका असं आप्पा म्हणाले नव्हते.

आमचं शहर कृष्णाकाठचं. माघ लागला की हळदीच्या पेठेकडून वारा यायचा आणि दुपारभर सगळ्या कॉलनीला तो वास असायचा. जेवून आप्पा आत आडवे व्हायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांची दुपारची झोप घड्याळ लावून घ्यावी अशी पक्की झाली होती. त्यांचं घोरणं सुरू झालं की आई सूप घेऊन सोप्याच्या पायरीवर येऊन बसायची. थोड्या वेळानं समोर कुमुद तिच्या पायरीवर यायची. मधी आमचं मेंदीचं कुंपण, कमरेएवढं, मग रस्ता, मग त्यांचं तारेचं कुंपण. दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. हाकसुद्धा नाही.

कुमुदला तेव्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे काय सांगायला पाहिजे? मुलीला कसं बसायचं, कसं उठायचं, काय उचलायचं नाही, हे आई सांगते. आमच्या आईला सांगायची सोय नव्हती. म्हणून ती करून दाखवायची.

मी खाटेवरून अर्धवट झोपेत बघायची. आई पायरीवर आडवी व्हायची, मग कुशीवर वळायची, कोपर टेकायची, हातावर भार द्यायची आणि हळूच उठून बसायची. समोर कुमुद तस्संच करायची. आडवी, कुशीवर, कोपर, बसली. मधूनच एखादी सायकल जायची आणि दोघी थबकायच्या. कुमुद कमरेवर हात ठेवून हनुवटी वर करायची, म्हणजे इथं दुखतं. आई आपल्याच कमरेला तेल लावल्यासारखं करून दाखवायची, वरून खाली, वरून खाली. मग कुमुद मान हलवायची. एकदा कुमुदनं आईचा हात बघितला आणि आपला हात पोटावर ठेवून तशीच बसून राहिली. आई उठून उभीच राहिली. बाळ हललं होतं. आईनं तोंडाला पदर लावला आणि माझ्याकडं वळून बघितलं, पण मला झोप लागलीय असं समजून पुन्हा तिकडं वळली. मला खरंच कळत नव्हतं मी जागी आहे का स्वप्नात आहे. त्या दुपारी मला फार आवडायच्या. सगळं शहर हळदीच्या वासात निजलेलं, आणि ह्या दोघी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच अंग असल्यासारख्या उठतायत, बसतायत.

मग एका दुपारी घोरणं थांबलं ते आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. आप्पा पाणी प्यायला उठले आणि दारात आले. आई पायरीवर कुशीवर वळलेली. समोर कुमुद कुशीवर वळलेली. आप्पांनी दोन्हीकडं बघितलं. तांब्या घेऊन आत गेले, आणि दुसऱ्या दिवशी विटा आल्या.

आता ह्यात गंमत काय होती, ते कॉलनीतल्या कुणालाही विचारा. आप्पा पालिकेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. शहरातल्या निम्म्या भिंती त्यांनी उतरवल्या होत्या. डॉक्टराची असो, व्यापाऱ्याची असो, टेप लावायची आणि नोटीस काढायची. रस्त्याकडची भिंत पक्की पाच फूट, त्याच्यावर न्यायची तर आरपार दिसेल अशी जाळी. आम्हा बहिणींना पाढ्यांच्या आधी हा नियम पाठ झाला होता. का, असं विचारलं की ते घास हातात धरून सांगायचे, "घराला रस्ता दिसला पाहिजे आणि रस्त्याला घर. आत कुणी पडलं झडलं, आग लागली, तर बाहेरच्याला कळायला नको?"

अशा माणसानं भिंत बांधली ती आठ फूट. पक्की. जाळी नाही, भोक नाही. मेंदी मुळासकट काढली. पुढचं फाटक बुजवून बाजूच्या बोळात नेलं, तेही पत्र्याचं. आमचं घर कौलारू, गच्ची नाही, माडी नाही. शेवटचा थर लागला त्या दिवशी सोप्यात अंधार झाला, आणि आई म्हणाली, "कंदील लावू का?" दुपारची वेळ होती.

कॉलनीत कुजबुज झाली. कुंपणच शेत खायला लागलं, असं कुणीतरी म्हणाल्याचं दूधवाल्या गंगूबाईनं आम्हाला सांगितलं. पण आप्पांसमोर बोलायची कुणाची टाप होती? ज्यांच्या भिंती त्यांनी पाडल्या होत्या तेसुद्धा गप्प बसले.

आईचं मात्र सगळं थांबलं. दुपारी ती सवयीनं सूप घेऊन पायरीवर यायची, भिंतीकडं तोंड करून बसायची, आणि तांदळातला एकही खडा न काढता उठून जायची. मग ती भिंतीजवळ जायला लागली. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला आईचा कान चिकटलेला असायचा. "पाणी भरतेय," ती मला सांगायची. "बादली उचलली बघ. उचलू नको म्हणून सांगितलं होतं." किंवा नुसतंच, "खोकली." बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवदर्शनाला जायचं ते आप्पांच्या मागोमाग, बोळातून, त्यामुळं मान वळवायचीही सोय उरली नव्हती.

माझी कावीळ उतरत आली होती, पण अशक्तपणा असा की दोन पावलं चालले की भुई हलायची. त्या दिवसांतलं माझं बरंचसं धुरकट आहे. एक दुपार तेवढी स्वच्छ आठवते. भिंतीपलीकडं धपकन काहीतरी पडलं. बादलीचा आवाज आला. मग कुमुदचा. ओरडली नाही ती, नुसतं "आई गं" म्हणाली.

आई धावत भिंतीपाशी गेली. दोन्ही तळवे विटांवर टेकवले. पलीकडं पळापळ झाली, शशिकांतचा आवाज, सासूचा आवाज, मग रिक्षा आली, रिक्षा गेली. मग काहीच नाही. रेडिओसुद्धा नाही.

"काय झालं असेल गं?" आईनं मला विचारलं. 

ती आप्पांना उठवायला आत गेली. ते जागेच होते. पाठ करून पडले होते.

"अहो, पोर पडली. एकदा जाऊन बघू दे मला. नुसतं बघून येते."

आप्पांनी कूससुद्धा बदलली नाही. त्यांच्या पाठीकडं बघत ती बराच वेळ उभी राहिली.

सकाळी गंगूबाई दूध घालायला आली तेव्हा कळलं की नळाजवळ पाय घसरला होता, दवाखान्यात तपासलं, दोघंही बरी आहेत. आईनं ते ऐकलं आणि दुधाचं भांडं खाली ठेवून तिथंच बसली. रडली मात्र नाही. मला वाटलं, एवढी रात्र काढली, आता रडेल. तर तिनं उठून चहा टाकला.

चैत्रात नोटीस आली. पालिकेचा शिपाई जुनाच, आप्पांना वाकून नमस्कार करून त्यानं ती दिली आणि पळाला. एका नागरिकाच्या तक्रारीवरून विनापरवाना भिंतीबाबत सुनावणी. आप्पांनी चष्मा लावून उभ्या उभ्या वाचली. मग आणखी एकदा वाचली.

"भोकरे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा तरतरी आली. "दुसरं कोण? पोरगी नेली आणि आता भिंतीवर डोळा."

"त्यांचं नाव लिहिलंय का?" मी विचारलं.

"नाव नाही. पण कचेरीतल्या इंगळ्याला विचारतो की. माझ्या हाताखाली शिकलाय."

ते तडक कचेरीत गेले आणि उन्हानं लाल होऊन परत आले. इंगळेसाहेबांनी चहा पाजला, तब्येत विचारली, आणि नाव काही सांगितलं नाही. सुनावणीला कळेल म्हणाले. "मान वर करून बोलेना माझ्याशी," आप्पा म्हणाले. "दबाव आणलाय भोकऱ्यानं."

मग शोध सुरू झाला. भोकरे नसला तर शेजारचे कुडचे असतील, त्यांची मोरी आप्पांनी एकदा बंद करवली होती. नाहीतर तो वाण्याचा पोरगा. रोज जेवताना एक नवीन नाव निघायचं. आई भाकरी वाढायची.

"अर्ज कुणी का दिला असेना," एकदा ती म्हणाली, "नियम खरा का खोटा?"

"तुला काय कळतंय त्यातलं," आप्पा म्हणाले आणि आमटी ओरपली.

सुनावणीच्या दिवशी आप्पांनी दाढी केली, कपाटातला कोट काढला. आई आतून आली तर अंगावर तिची ती जांभळ्या काठाची इरकल, लग्नाकार्याला नेसायची.

"मीपण येते."

आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. "तू कशाला?"

"येते."

आणि खरं सांगते, आप्पांना बरं वाटलं. रिक्षात बसताना त्यांनी तिला आधी बसवलं, तिच्या हातातली पिशवी स्वतः घेतली. एवढ्या दिवसांत कुणीतरी त्यांच्या बाजूनं चाललं होतं. मला घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून मीही मधी कोंबून बसले. बाहेर ऊन असं होतं की रस्ते पाण्यासारखे हलत होते.

इंगळेसाहेबांच्या खोलीत पंखा गरगरत होता. साहेब तरुण, टकलावर घाम. आप्पा आत आल्याबरोबर ते उभे राहिले. "बसा काका. काकू, तुम्ही बसा. पाणी आण रे." तिघांना तीन खुर्च्या. चौथी रिकामी होती, तिच्याकडं आप्पांचं लक्ष होतं.

साहेबांनी कागद पुढं ओढले, मागं सारले, पुन्हा पुढं ओढले. "अर्जदार हजर आहेत का?" त्यांनी टेबलाकडं बघत विचारलं.

आप्पांनी खुर्ची दाराच्या बाजूला वळवली. भोकरे आत येईल तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघायचं, अशी त्यांची तयारी होती.

"आहे," आई म्हणाली.

पंखा फिरत राहिला. आप्पा अजून दाराकडंच बघत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत शिकले होते, पण त्या म्हणीतला माणूस मी त्या दिवशी बघितला. त्यांनी हळूहळू मान वळवली.

"काय म्हणालीस?"

"अर्ज मी दिलाय," आई त्यांना नाही, साहेबांना सांगत होती. "अष्टमीला बस्तीत जाताना टपालपेटीत टाकला. हे पुढं चालत होते."

"काकू," साहेब घाम पुसत म्हणाले, "मला वाटलं कुणीतरी तुमच्या नावानं खोडसाळपणा केलाय. घर तर तुमचंच आहे."

"माझंच. म्हणून तर मला त्रास होतोय. बायकोनं तक्रार करायची नाही, असा नियम आहे का?"

"तसा नाही."

"मग लिहून घ्या. रस्त्याकडची भिंत पक्की पाच फूट. त्याच्यावर न्यायची तर आरपार दिसेल अशी जाळी. आमची आठ फूट आहे आणि जाळी नाही."

"तुम्हाला हे सगळं कसं…"

"ह्यांनीच शिकवलंय. रोज जेवताना." आईचा आवाज तिथं जरा फाटला. तिनं पदर सारखा केला. "आत कुणी पडलं तर बाहेरच्याला कळलं पाहिजे, म्हणून तो नियम आहे म्हणतात. माझी पोर बाहेर पडली, साहेब. सातवा महिना तिचा. मला आतून कळलं नाही, ती जगली का मेली. अख्खी रात्र कळलं नाही. मला भांडण काढायचं नाही. रस्ता ओलांडायचा नाही म्हणून ह्यांनी शपथ घातलीय, ती मी पाळते, मरेपर्यंत पाळीन. मला फक्त ती दिसू दे."

पाणी घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला होता. मला वाटलं, आता आप्पा उठून जातील, किंवा ओरडतील, किंवा आईला तिथंच टाकून रिक्षा करतील. खोली सगळी दूर दूर चालली होती, जशी तापात जाते.

साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं, "काका, नोंदीसाठी विचारतो. उंची किती आहे?"

खोटं बोलता आलं असतं. मोजणी झालेली नव्हती अजून. आप्पांनी कोटाचं बटण लावलं, काढलं.

"आठ फूट."

"सगळी पक्की?"

"सगळी."

"परवानगी?"

"घेतली नाही. अर्जच केला नाही. मिळाली नसती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग मी म्हणतो, घरातली गोष्ट आहे, समज देऊन फाइल…"

"तसं करता येत नाही," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कचेरीतला झाला. "तक्रार खरी निघाली की आदेश काढायचा. घ्या लिहून. सात दिवसांच्या आत सदर भिंत पाच फुटांपर्यंत उतरवावी. स्वखर्चानं, हे घाला. ते घातलं नाही की लोक फसवतात."

इंगळेसाहेबांनी लिहून घेतलं. 

रिक्षात परत येताना आईची पिशवी आप्पांच्याच मांडीवर होती. घरी आल्यावर त्यांनी कोट घडी घालून ठेवला, आणि त्या दिवशी ते दुपारी झोपले नाहीत.

सात दिवसांचीही वाट त्यांनी बघितली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच हणमंता गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन आला. त्यानंच ती बांधली होती, त्यामुळं जरा कुरकुरत होता. आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले. वरचा थर निघाला तशी उजेडाची एक पट्टी कौलांखाली आली. मग दुसरा थर निघाला आणि उजेड सोप्यात उतरला. मी खाटेवर बसून होते. भिंत कमी होत होती आणि समोरच्या अंगणातल्या शेवग्याचा शेंडा, मग घराचं छप्पर, मग खिडकीची वरची कड, एकेक करून परत येत होतं, जाग येताना खोलीतल्या वस्तू येतात तसं. विटांच्या धुळीनं सगळं अंगण गुलाबी झालं होतं.

आईनं न्हाऊन केस विंचरले होते. ती स्वयंपाकघरातून सारखी दारात यायची आणि आत जायची.

हणमंतानं टेप लावली. "पाच फूट झालं, आप्पा. बघा."

आप्पांनी उठून स्वतः टेप लावून बघितली. "झालं."

आई बाहेर आली. अंगण ओलांडून भिंतीपाशी गेली आणि उभी राहिली.

आमची आई ठेंगणी. मीही तिच्यावरच गेलेय. आम्हा दोघींना पाच फूट म्हणजे अख्खं माणूस. तिनं टाचा उचलल्या. भिंतीच्या कडेला बोटं लावली, डोकं मागं केलं. तिला काय दिसलं असेल? शेवग्याचा शेंडा आणि आभाळ. नियमानं तिला द्यायचं तेवढं दिलं होतं, आणि ते पुरत नव्हतं.

हणमंताच्या लक्षात आलं तसा तो हत्यारं गोळा करायच्या निमित्तानं दुसरीकडं वळला. मी पाट आणायला उठले, तर आईनं न वळताच हात मागं करून मला थांबवलं. "चोरासारखं चढून बघायचं नाही मला," ती म्हणाली. टाचा खाली टेकवल्या आणि तिथंच भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. 

आप्पा खुर्चीत बसले नव्हते. टेप हातात घेऊन उभेच होते. ते उंच होते, सहा फुटांना थोडे कमी. ते चालत आले आणि आईच्या शेजारी उभे राहिले. भिंत त्यांच्या हनुवटीला लागली. कुमुदचं लग्न झाल्यापासून, दीड वर्षात, त्यांनी आपणहून कधी समोर बघितलं नव्हतं. त्यांनी मान वर केली.

आईनं त्यांच्याकडं बघितलं. "आहे का?"

आप्पा म्हणाले, "आहे."

"काय करतेय?"

"पायरीवर बसलीय."

"कशी बसलीय? पाय खाली सोडून?"

"होय."

"सुजलेत का?"

"सुजलेत," आप्पा म्हणाले. "घोट्यापाशी."

"आणि तोंड? तोंडावर कशी दिसतेय? उतरलीय का?"

आप्पांनी डोळे मिटले, उघडले.

"अहो, विचारतेय मी."

"नीट दिसत नाही," आप्पा म्हणाले.

"डोळे पुसा आणि बघा," आई म्हणाली.

त्यांनी धोतराचा सोगा उचलून डोळे पुसले. एक पुसला, मग दुसरा. टेप त्यांच्या हातातून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"इकडंच बघतेय," ते म्हणाले. "उभी राहिली."

आईचा हात भिंतीवर होता, त्याच्या शेजारी आप्पांनी आपले दोन्ही हात ठेवले. घसा खाकरला. दीड वर्षात ते नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं, त्यामुळं पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"कुमे," त्यांनी हाक मारली. "तुझी आई इथं आहे. भिंतीमागं. तिला तू दिसत नाहीस. इकडं ये."

समोरच्या फाटकाची कडी वाजली, ती आम्ही दोघींनी ऐकली.